नाटककाराची जुनी चाल : सॉमरसेट मॉम यांच्या कथा

विल्यम सॉमरसेट मॉम (१८७४–१९६५) यांचा पहिला कथासंग्रह १८९९ मध्ये निघाला असला, तरी त्यांचे नाव झाले ते रंगभूमीवर. १९०८ साली लंडनमध्ये त्यांची चार नाटके एकाच वेळी चालू होती. कथेकडे ते पुन्हा गंभीरपणे वळले ते पॅसिफिक बेटांच्या प्रवासानंतर, आणि १९२१ मध्ये 'द ट्रेंबलिंग ऑफ अ लीफ' हा संग्रह आला तेव्हा इंग्रजी कथा नेमकी उलट दिशेने निघाली होती. जेम्स जॉईस, व्हर्जिनिया वूल्फ आणि कॅथरीन मॅन्सफील्ड यांनी कथानकाचा भार उतरवून मनातल्या क्षणिक हालचालींना कथेचा विषय केले होते. मॉम मात्र चेकॉव्हपेक्षा मोपासाँला जवळचे मानून, आरंभ, मध्य आणि शेवट असलेली, जेवणाच्या मेजावर कोणालाही सांगता येईल अशी गोष्ट लिहीत राहिले. ना. सी. फडके यांचे तंत्र आणि त्याला ओलांडून गेलेली गाडगीळ-गोखल्यांची नवकथा हा वाद ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल.

मात्र या कथांची जुनी चाल केवळ मोपासाँकडून आलेली नाही, तर प्रेक्षागृहातून आलेली आहे, आणि तिचे आकर्षणही तिथेच शोधावे लागते. 'द कॅश्युरिना ट्री' (१९२६) या संग्रहातील 'द लेटर' ही कथा त्याचा उत्तम दाखला होय. क्वालालंपूरमध्ये १९११ साली गाजलेल्या एका खून खटल्यावर ती आधारलेली असून, रबराच्या मळेवाल्याची पत्नी घरी आलेल्या पुरुषाला गोळ्या घालते आणि अब्रू वाचवण्यासाठी तसे करावे लागले असे सांगते. मॉम यांनी १९२७ मध्ये याच कथेचे नाटक केले तेव्हा पडदा उघडताच गोळ्या झाडल्या जातात. कथा मात्र सिंगापूरच्या एका वकिलाच्या कचेरीत सुरू होते, खून कधीच होऊन गेलेला असतो, आणि वकिलाचा अदबशीर चिनी कारकून एका पत्राची बातमी हळूच पुढे सरकवतो. थरार कशात आहे हे जाणणाऱ्या नाटककाराने कथेपुरता तो मुद्दाम पडद्याआड ठेवला आणि वाचकाला सभ्य माणसाच्या अस्वस्थतेजवळ बसवले. 'रेन' या कथेतही सॅडी थॉम्प्सन या वेश्येच्या उद्धाराचा ध्यास घेतलेल्या मिशनऱ्याचे अधःपतन कुठेच दिसत नाही. शेवटी तिच्या तोंडून निघालेल्या त्वेषाच्या उद्गारांवरून कथेतल्या डॉक्टरला ते उमगते, आणि वाचकाला त्याच्याबरोबरच. मधल्या पानांत मुख्यतः पत्र्यावर कोसळणारा पाऊस आणि एकाच घरात अडकलेली माणसे आहेत, म्हणजे एका अंकाला पुरेल एवढेच नेपथ्य.

या कलेला मर्यादाही आहेत. मलायातील स्थानिक माणसे बहुधा नोकर, कारकून किंवा पार्श्वभूमी म्हणूनच येतात, आणि 'द लेटर'मधल्या कारकुनाला सर्वांत जास्त माहिती असूनही कथा त्याच्या मनात डोकावत नाही. भाषा इतकी घासूनपुसून साधी केलेली आहे की ठरीव शब्दप्रयोगही निमूट खपून जातात. एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने १९४६ मध्ये मॉम यांना दुय्यम दर्जाचे लेखक ठरवले, ते बव्हंशी याच भाषेवर बोट ठेवून. आक्षेप खरा आहे, पण गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज सपाट असल्यामुळेच त्याच्यावर विश्वास बसतो, हे विल्सन यांच्या हिशेबात आले नाही.

'शेपी' (१९३३) या नाटकानंतर मॉम यांनी रंगभूमीसाठी लिहिणे थांबवले, कथा मात्र पुढेही चालू राहिल्या. त्यांच्या चार कथांवर १९४८ मध्ये 'क्वार्टेट' हा चित्रपट निघाला, आणि त्यात प्रास्ताविक करायला, संस्कृत नाटकातल्या सूत्रधारासारखे, चौऱ्याहत्तरीच्या घरातले मॉम स्वतःच पडद्यावर आले.