शाळू निघाल्यानंतरची गोधडी

फाल्गुन सरता सरता माण तालुक्यात शाळूची मळणी उरकते. कडब्याच्या गंजी लागतात, ज्वारी पोत्यांत जाते आणि मृगाच्या तयारीपर्यंत शेतातलं काम जरा ओसरतं. बायकांना मात्र सुट्टी नसते. शेतातलं संपलं की अंगणातलं सुरू होतं: कुरडया, सांडगे, पापड, शेवया, वर्षाचं तिखट. संपादकांनी मला या उन्हाळकामांवर लिहायला पाठवलं होतं. पण ज्या घरी उतरले त्या घरच्या आक्का भरदुपारी पडवीत गोधडी शिवायला बसल्या, आणि मग माझं कुरडयांकडे फारसं लक्ष राहिलंच नाही.

आक्का माझ्या मैत्रिणीच्या चुलत सासूबाई. सत्तरी ओलांडलेली, जाड चष्मा, बोटात पितळी अंगुस्तान. चैत्रातला त्यांचा दिवस उन्हाच्या हिशोबाने चालतो. पहाटे चुलीवर गव्हाचा चीक शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत सोऱ्याने कुरडया घालून मोकळं व्हायचं, कारण कुरडईला दिवसभराचं कडक ऊन लागतं. भाकऱ्या, धुणं, गुरांचं पाणी झालं की पडवीत सावली असेपर्यंत सुई. ही दोन्ही कामं एकाच कापडावर चालतात, हे मला तिथे बसल्यावर कळलं. कुरडया वाळतात त्या धुवट लुगड्यावर, आणि असे दोन-तीन उन्हाळे काढलेलं लुगडं मग गोधडीत जातं. नेसायचं बंद झाल्यापासून तिथपर्यंत पोचेतो ते बरंच काही करून आलेलं असतं. कधी बाळाची झोळी होतं, कधी पेरणीच्या बियाण्यावर झाकण.

मोठ्या गोधडीच्या मधेमधे बारीकसारीक शिवण चालूच असते. सुनेच्या माहेरी बाळ होणार म्हणून दुपटी, पाटाऐवजी घ्यायला बसकरं, डोक्यावरच्या पाटीखाली ठेवायला चिंध्यांची चुंबळ. आक्कांच्या यजमानांची पान-सुपारीची चंची चार खणांची आहे आणि चारही खण वेगवेगळ्या रंगांचे. कुठलंही कापड आक्कांच्या हातून वाया गेलेलं मी पाहिलं नाही.

जुन्या कापडांचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवायची रीत एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानातली रल्ली ही सगळी त्याच कुळातली. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी तर आपल्या गोधडीची अगदी जवळची. त्या समाजातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून निसटून तिथल्या रानात आले, असं अभ्यासक मानतात. आपल्याकडे गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचं वस्त्र असे म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. हा इतिहास मोलाचाच आहे. पण आक्कांसमोर बसल्यावर मला वेगळाच प्रश्न पडला: इतके सुटे, जीर्ण, कमीजास्त ताणलेले थर एकमेकांवर सपाट बसतात कसे?

आधी माप. नऊवारी म्हणजे 27 फूट. त्याच्या 4 घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबीचे 4 थर मिळतात. सहावारी 18 फूट, तिच्या 3 घड्यांत 6 फुटांचे 3 थर. निजलेल्या माणसाचं माप लुगड्यातच आहे. पन्हा चारएक फुटांचा, म्हणजे एका माणसापुरता. दोघांची गोधडी हवी तर दोन लुगडी कडेला कड लावून जोडायची. खालच्या आणि वरच्या लुगड्याच्या मध्ये भर जाते ती धोतराच्या तुकड्यांची, परकरांची, फाटक्या सदऱ्यांची. सदरा तसाच घालत नाहीत. आक्का आधी गुंड्या काढतात, मग कॉलर आणि बाह्यांची शिवण उसवतात. एकही जाड शिवण आत राहिली तर सुई तिथे अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला तेवढंच टोचतं.

सारवलेल्या जमिनीवर खालचं लुगडं अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर भर, त्यावर वरचं लुगडं. मग दोन्ही तळव्यांनी सगळी चुणी दाबत नेतात आणि वीतवीतभर अंतरावर कच्चे टाके घालतात. हे कच्चं शिवण पुढे काढून टाकायचं असतं, तरी आक्का त्यात घाई करत नाहीत. दोरा वावभर, दुपदरी, मेणावरून ओढलेला. इथून खरी शिवण सुरू होते, ती एका कोपऱ्यापासून काठाकाठाने. चारही बाजू फिरून आलं की दोन बोटं आत सरकायचं आणि पुन्हा फेरी. चौकटीच्या आत चौकट, तिच्या आत आणखी एक, असं करत मध्यावर पोचायचं.

माझं कुतूहल इथेच अडकलं. मला क्विल्टची थोडी माहिती होती. घरच्या मशीनवर क्विल्ट शिवणाऱ्यांना सहसा मध्यापासून सुरुवात करायला शिकवतात. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, वरचा पाय वरचं कापड मागे धरतो, त्यामुळे थोडा झोळ तयार होतोच. मध्यापासून निघालं की तो कडेकडे ढकलत नेऊन बाहेर काढता येतो. गोधडीत तर काठ पहिल्याच फेरीत बंद होतो. मग झोळ जाणार कुठे? मध्यावर टम्म फुगवटा यायला हवा. तो येत नाही.

मी आक्कांना विचारलं, तर त्यांनी सुई न थांबवता उत्तर दिलं, ‘‘झोळ एका जागी साठू द्यायचाच न्हाई पोरी. टाक्याटाक्याला वाटून टाकायचा.’’

वाटून टाकायचा म्हणजे काय, ते त्यांच्या डाव्या हाताकडे बघितल्याशिवाय समजत नाही. तो हात गोधडीखाली असतो. सुईचं टोक खाली उतरलं की तर्जनी ते जाणते आणि लगेच वर लोटते. एका खेपेला सुईवर तीन-चार टाके घेतात आणि मगच दोरा ओढतात. ओढताना अंगठा वरचं कापड किंचित मागे सारतो, त्यामुळे प्रत्येक टाक्यात ज्वारीच्या कणीएवढं जास्तीचं कापड अडकतं. फेरीत असे शेकडो टाके. जो झोळ मध्यावर जाऊन गठ्ठा झाला असता, तो सगळ्या अंगभर बारीक चुण्या होऊन पसरतो. दोरा फार ओढला तर कापड आक्रसतं, सैल सोडला तर थर सरकतात. आक्का स्वतः गोधडीवरच बसतात, म्हणजे त्यांच्या वजनाखाली थर हलत नाहीत. त्या तर्जनीच्या टोकाला टोचून टोचून घट्टा पडला आहे.

हाताने शिवलेल्या गोधडीची ऊबही या चुण्यांतच आहे. थरांच्या मध्ये आणि चुण्यांच्या पोटात हवा धरली जाते, ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मशीनच्या घट्ट दुहेरी टाक्याने थर दाबून बसतात, गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. धावदोऱ्याची गोधडी अंगाभोवती वळते. काठापासून सुरुवात का, याचं कारण आक्कांनी सांगितलं ते मला फार आवडलं: काठावर चौघी बसू शकतात. एकेका बाजूला एकेक जण शिवत आत सरकते. मध्यापासून सुरू केलं तर चौघींना जागा कुठून मिळणार?

आता पडवीत त्या चौघी नाहीत. शेजारच्या दोघी मुलांकडे पुण्याला गेल्या आहेत, जावेला गुडघे मोडून बसवत नाही, सून सकाळी कामावर जाते ती दिवेलागणीला येते. त्यामुळे एक बाजू संपली की आक्का हाताने रेटा देत पुढच्या बाजूला सरकतात. चौघींचं चार-पाच दुपारींचं काम एकटीला तीन आठवडे पुरतं. पण मला खरी काळजी वाटली ती कापडाची.

गोधडीचा कच्चा माल दुकानात मिळत नाही. तो अंगावर वापरून तयार होतो. वर्षानुवर्षं नेसलेलं, दगडावर आपटून धुतलेलं, उन्हात वाळलेलं सुती लुगडंच सुईला वाट देतं आणि घाम टिपतं. या भागातल्या बायका इरकली नेसत, किंवा मागावरची सुती लुगडी. 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला आणि पुढे तिथलं सुती कापड घरोघर पोचलं. आता आक्कांच्या पिढीच्या पाठीमागे नऊवारी नेसणारं घरात कोणी नाही. सुनांच्या साड्या धुवायला सोप्या, वाळायला झटपट, दिसायला नव्यासारख्या आणि सगळ्या कृत्रिम धाग्याच्या. त्या विरतच नाहीत. कपाटातून निघाल्या की बोहारीण येते आणि त्या बदल्यात स्टीलचं पातेलं देऊन जाते. त्यात कोणाचं काही चुकत नाही; पातेलंही लागतंच.

आक्कांनी अशा साड्यांची गोधडी करून पाहिली आहे. वरचा थर निसटतो, वाटून दिलेला झोळ दुसऱ्या फेरीला पुन्हा गोळा होतो. कच्चे टाके वितीऐवजी चार-चार बोटांवर घालावे लागले. उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते, पाणी पीत नाही, आणि चुलीजवळ तर नकोच, ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला बसतं. आता त्या अशी साडी फक्त भरीला घेतात आणि अंगाकडची बाजू सुतीच ठेवतात.

शहरात हौसेने गोधड्या विकत घेणारे लोक वाढले आहेत आणि मला त्याचा आनंद आहे. पण त्यातल्या बऱ्याच नव्या कोऱ्या कापडाच्या, मशीनवरच्या असतात. हातशिलाईची मागणी आली तर मजुरी ठरते नगावर. दोन बोटांवर फेरी घालणारी आणि चार बोटांवर घालणारी, दोघींना पैसे सारखेच. बचत गटांनी फेऱ्यांतलं अंतर बघून दर लावला, तर निदान बारीक शिवणारीचं नुकसान थांबेल. धुण्याचा प्रश्न आणखी वेगळा. घटस्थापनेच्या आधी सगळं गाव गोधड्या घेऊन नदीवर जायचं. पाऊस हुकलेल्या वर्षी माणगंगेला तेवढं पाणी नसतं, आणि भिजलेली गोधडी घरच्या मशीनमध्ये मावत नाही, एकटीला पिळवत नाही. मग पानिपतचं ब्लँकेट बरं वाटू लागतं.

आक्कांच्या ट्रंकेत दोन सुती नऊवारी उरल्या आहेत. एक नातीच्या लग्नातल्या गोधडीला राखलेली. दुसरीची दुपटी होणार, कारण मोठ्या गोधडीपेक्षा दुपट्याला तान्ह्या कातडीसाठी मऊ सूत जास्त गरजेचं, असं त्यांचं म्हणणं. पुढचं त्यांनी ठरवून ठेवलं आहे. इचलकरंजीहून कोरं सुती कापड ताग्याने आणायचं, घरात सगळ्यांनी चादर म्हणून अंथरायचं, पांघरायचं, दगडावर धुवायचं आणि मऊ पडलं की मग शिवायला घ्यायचं. त्याला किती वर्षं लागतील ते त्या सांगत नाहीत. सुनेला बेत पटला आहे, पण दगडावर धुणार कोण यावर दोघींचं अजून जमलेलं नाही.