तासाला तीस सेंट

विमानाच्या शोधाचे श्रेय राइटबंधूंना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकनजीकच्या वाळूवरून त्यांचे विमान ज्या इंजिनाच्या बळावर उडाले, ते घडविणारे चार्ली टेलर आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाहीत. डेटन येथील राइटबंधूंच्या सायकल-दुकानात ते १९०१ साली कामास लागले. मजुरी तासाला ३० सेंट.

इंजिन विकत घ्यावे, असाच बंधूंचा प्रथम विचार होता. पण सुमारे ८ अश्वशक्तीचे आणि वजनाने २०० पौंडांच्या आतले इंजिन देण्यास एकही कारखानदार तयार होईना. मग ते दुकानातच करावयाचे ठरले. रीतसर आराखडे नव्हतेच. एकेका भागाची आकृती कागदाच्या चिठोऱ्यावर काढून समोर टोचावी आणि कामास लागावे, अशी पद्धत. क्रँकशाफ्टसाठी टेलर यांनी पोलादाच्या पाटावर आकार आखला, कडेने भोके पाडून नको तो भाग तोडून काढला आणि उरलेला लेथवर कातला. वजन वाचावे म्हणून क्रँककेस ॲल्युमिनियमची ओतून घेतली. कार्ब्युरेटर नव्हता, टाकीतून उतरणाऱ्या पेट्रोलची इंजिनाच्या उष्णतेनेच वाफ होई. सहा आठवड्यांत इंजिन उभे राहिले. फेब्रुवारी १९०३ मधील चाचणीत क्रँककेस तडकली, ती पुन्हा ओतावी लागली. एवढे करून शक्ती मिळाली ती सुमारे १२ अश्वशक्ती.

त्याच सुमारास सॅम्युअल लँग्ले यांच्या विमानासाठी अमेरिकी युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले होते. त्यांचे सहायक चार्ल्स मॅन्ली यांचे इंजिन ५२ अश्वशक्तीचे, यंत्र म्हणून निःसंशय श्रेष्ठ. तरीही ते विमान १९०३ च्या ऑक्टोबरात आणि डिसेंबरात, असे दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले. राइटबंधूंचा खर्च हजार डॉलरच्या आसपास. हा जमाखर्च नुसत्या डॉलरांत मांडण्याचा मोह अर्थशास्त्राच्या माणसाने टाळावा. पंख, पंखे आणि तोल यांचा हिशेब बंधूंनी आधीच केला होता. इंजिनाकडून किती थोडे मागावयाचे, हे त्यांना ठाऊक होते, आणि नेमके तेवढे देणारा कारागीर त्यांच्या दुकानात होता. या कारागिरीची किंमत मात्र हजेरीपटावर ३० सेंटच राहिली.

१९४८ साली निधन पावलेल्या ऑर्विल यांनी मृत्युपत्राने टेलर यांना वर्षाला ८०० डॉलर ठेवले. ठरावीक रकमेचे महागाईत काय होते, हे कोणत्याही निवृत्त कारकुनास सांगावयास नको. १९५५ साली टेलर लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात धर्मादाय विभागात आढळले. विमान-उद्योगाने वर्गणी काढून त्यांना खासगी रुग्णालयात हलविले. जानेवारी १९५६ मध्ये ते वारले.