विश्लेषण : सिंहाच्या जागी मांजराचे पिल्लू... ‘एमटीएम’चे बोधचिन्ह अमेरिकी टीव्हीच्या इतिहासात महत्त्वाचे का?

२५ मे १९८८ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘सेंट एल्सव्हेअर’ या रुग्णालयावरील मालिकेचा अखेरचा भाग प्रसारित झाला. सहा वर्षे चाललेले सारे कथानक म्हणजे एका मुलाने काचेच्या गोळ्यात बघत रचलेली कल्पना असावी, असे सुचवून मालिका संपली. या धक्क्यातून प्रेक्षक सावरत नाहीत तोच श्रेयनामावली सुरू झाली आणि तिच्यासोबत पडद्यावर दिसले एक मांजर. कुशीवर पडलेले, सलाइन लावलेले, शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारे यंत्र. नावे संपता संपता यंत्रावरची रेषा सरळ झाली. हे मांजर मालिकेतील पात्र नव्हते. ते ‘एमटीएम एंटरप्रायझेस’ या निर्मितीसंस्थेचे बोधचिन्ह होते. एखाद्या कंपनीने आपले बोधचिन्हच पडद्यावर मारून टाकल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

पिल्लू आले कुठून?

‘एमटीएम’ ही अभिनेत्री मेरी टायलर मूर यांच्या नावाची आद्याक्षरे. ‘द डिक व्हॅन डाइक शो’मुळे (१९६१ ते १९६६) त्या घराघरांत पोहोचल्या होत्या. सीबीएस नेटवर्कने त्यांना स्वतंत्र मालिका देऊ केली तेव्हा त्यांनी आणि त्यांचे तेव्हाचे पती ग्रँट टिंकर यांनी १९६९ मध्ये स्वतःची कंपनी काढली. मिनियापोलिसमधील एका टीव्ही वाहिनीच्या वृत्तविभागात काम करणाऱ्या, तिशीतल्या अविवाहित तरुणीची कथा सांगणारा ‘द मेरी टायलर मूर शो’ सप्टेंबर १९७० मध्ये सुरू झाला.

कंपनीचे नाव हॉलीवूडच्या ‘एमजीएम’शी, म्हणजे मेट्रो-गोल्डविन-मेयरशी मिळतेजुळते होते. १९२० च्या दशकापासून चित्रपटाआधी डरकाळी फोडणारा ‘एमजीएम’चा सिंह जगाला ठाऊक होता. तशाच वर्तुळाकार चौकटीत ‘एमटीएम’ने नारिंगी रंगाचे मांजराचे पिल्लू बसवले. ते तोंड उघडून ‘म्याव’ करी आणि कार्यक्रम संपे. पिल्लाचे नाव मिम्सी. चित्रीकरणाच्या दिवशी ते काही केल्या म्याव करेना, शेवटी त्याची जांभई टिपून त्यावर आवाज चढवला गेला, अशी गोष्ट सांगितली जाते. ज्याने मांजर पाळले आहे त्याला ती खरी मानायला जड जाऊ नये.

विनोद साधाच, पण त्यात एक सूचना होती. सिंह हा मोठ्या स्टुडिओच्या सत्तेचा शिक्का. नव्या, छोट्या कंपनीने स्वतःची ओळख करून देताना त्या सत्तेची थट्टा केली आणि स्वतःचीही.

दोन-तीन सेकंदांच्या चिन्हाला एवढे महत्त्व कशासाठी?

अमेरिकेत त्या काळी एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन नेटवर्कचे राज्य होते. मालिका बाहेरच्या कंपनीने बनवली, तरी पुढच्या उत्पन्नात नेटवर्क वाटा मागत. १९७० मध्ये ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ या सरकारी नियामकाने ‘फिन-सिन’ या नावाने ओळखले जाणारे नियम केले. बाहेरच्या निर्मात्याने बनवलेल्या मालिकेत नेटवर्कने आर्थिक हिस्सा ठेवू नये आणि तिच्या पुनःप्रसारणाचे हक्क विकण्याच्या व्यवसायातही पडू नये, असे त्यांचे सार.

याचा परिणाम समजण्यासाठी या धंद्याचे गणित पाहावे लागते. नेटवर्क निर्मात्याला जे शुल्क देई त्यातून मालिकेचा खर्च अनेकदा भरून निघत नसे. निर्माता तोटा सोसून मालिका बनवत राही. शंभराच्या आसपास भाग जमले की ती देशभरच्या स्थानिक केंद्रांना रोज दाखवण्यासाठी विकता येई. खरा पैसा तिथे होता आणि नव्या नियमांमुळे तो निर्मात्याकडेच राहू लागला. भागाच्या शेवटी झळकणारे चिन्ह म्हणजे त्या मालमत्तेवरचे नाव. ‘एमटीएम’, ‘टँडम’, ‘लोरिमार’ अशा स्वतंत्र कंपन्या याच काळात बहरल्या. ‘द मेरी टायलर मूर शो’ सात वर्षांत १६८ भाग चालला आणि त्याने २९ एमी पुरस्कार मिळवले. त्यातून ‘रोडा’, ‘फिलिस’ आणि ‘लू ग्रँट’ या मालिका निघाल्या. ‘द बॉब न्यूहार्ट शो’ आणि ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ याही याच घरातल्या.

टिंकर यांची कार्यपद्धती सोपी होती : चांगले लेखक गोळा करायचे, त्यांना काम करू द्यायचे आणि नेटवर्कच्या अधिकाऱ्यांना त्यांच्यापासून दूर ठेवायचे. लेखकांना मोकळीक देणारी कंपनी असा तिचा लौकिक झाला. १९८४ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ‘एमटीएम’वर स्वतंत्र पुस्तक काढले, त्याच्या शीर्षकातच ‘क्वालिटी टेलिव्हिजन’ हे शब्द होते. टीव्ही निर्मितीसंस्थेचा असा अभ्यास तेव्हा दुर्मीळ होता.

मांजराने पोलिसाची टोपी केव्हा घातली?

सुरुवातीची काही वर्षे मिम्सी एकाच रूपात दिसत असे. पुढे कंपनी विनोदी मालिकांकडून तासाभराच्या नाट्यमय मालिकांकडे वळली आणि मांजराचा वेश बदलू लागला. स्टीव्हन बोच्को आणि मायकेल कोझॉल यांच्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ (१९८१ ते १९८७) या पोलीस ठाण्यावरील मालिकेअखेर तिच्या डोक्यावर पोलिसाची टोपी आली. ‘सेंट एल्सव्हेअर’मध्ये शस्त्रक्रियागृहातला पोशाख आणि तोंडावर मास्क. पुढे जेम्स बाँड झालेल्या पीअर्स ब्रॉस्ननच्या ‘रेमिंग्टन स्टील’ या गुप्तहेर मालिकेत शेरलॉक होम्सची टोपी आणि पाइप. म्याव करायला तोंड उघडले की पाइप खाली पडे.

या सगळ्यांत सर्वांत नेमका विनोद ‘न्यूहार्ट’चा (१९८२ ते १९९०) म्हणावा लागेल. तिथे मांजराला कोणताही वेश नव्हता. फक्त आवाज मांजराचा नसून बॉब न्यूहार्ट यांचा होता. त्यांच्या त्या संथ, निर्विकार सुरात ‘म्याव’ एवढेच. या मालिकेत डॅरिल नावाचेच दोन भाऊ आठ वर्षे एक शब्दही बोलत नाहीत. अखेरच्या भागात ते ओरडतात, ‘शांत बसा!’ त्या रात्री मांजराच्या तोंडूनही तेच आले.

हे बदल खर्चाचे नव्हते आणि त्यांतून कंपनीला थेट काही मिळतही नव्हते. मोठ्या स्टुडिओंची चिन्हे वर्षानुवर्षे एकाच साच्यात राहात, कारण ती कायदेशीर शिक्क्यासारखी वापरली जात. ‘एमटीएम’ने तोच शिक्का मालिकेच्या कथेत ओढला. श्रेयनामावलीला उठून जाणारा प्रेक्षक मांजरासाठी थांबू लागला. ‘सेंट एल्सव्हेअर’च्या शेवटी मांजर मेल्यावर प्रेक्षकाला काहीतरी तुटल्यासारखे वाटले, ते या थांबण्याच्या सवयीमुळे. खरी मिम्सीही त्याच वर्षी गेली, असे सांगितले जाते.

कंपनीचे पुढे काय झाले?

टिंकर १९८१ मध्ये एनबीसीचे प्रमुख म्हणून बाहेर पडले. त्याच वर्षी मूर आणि त्यांचा घटस्फोट झाला. १९८५ मध्ये ‘हिल स्ट्रीट ब्लूज’च्या खर्चावरून झालेल्या वादात कंपनीने बोच्को यांनाच काढून टाकले. लेखकाला मोकळीक देणाऱ्या घराचे हे बदललेले रूप होते.

१९८८ मध्ये ‘एमटीएम’ विकली गेली, ती दक्षिण इंग्लंडमध्ये प्रसारण करणाऱ्या ‘टीव्हीएस’ या ब्रिटिश कंपनीला. किंमत सुमारे ३२ कोटी डॉलर. वेळ मात्र वाईट ठरली. तासाभराच्या नाट्यमय मालिकांना अमेरिकेच्या पुनःप्रसारण बाजारात मागणी उरली नव्हती. स्थानिक केंद्रांना अर्ध्या तासाच्या, कुठूनही बघता येणाऱ्या विनोदी मालिका हव्या होत्या. ज्या मालिकांनी कंपनीचे नाव झाले, त्यांचेच पैसे होईनात. १९९१ मध्ये ब्रिटनने प्रादेशिक प्रसारण परवान्यांचा लिलाव केला. ‘टीव्हीएस’ने जवळपास ६ कोटी पौंडांची, म्हणजे प्रतिस्पर्धी ‘मेरिडियन’पेक्षा बरीच मोठी बोली लावली. एवढी रक्कम भरून कंपनी टिकणार नाही, असे कारण देऊन नियामकाने ती नाकारली. १९९२ च्या अखेरच्या दिवशी ‘टीव्हीएस’चे प्रसारण थांबले.

त्यानंतरचा प्रवास भराभर झाला. १९९३ मध्ये अमेरिकी धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांच्या ‘फॅमिली चॅनेल’ची मालक असलेल्या ‘इंटरनॅशनल फॅमिली एंटरटेन्मेंट’कडे मांजर गेले. १९९७ मध्ये ती कंपनी रूपर्ट मर्डोक यांच्या फॉक्स समूहाने घेतली. ‘एमटीएम’चे काम ‘ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स टेलिव्हिजन’मध्ये विलीन झाले.

विलीनीकरणाचे हे वर्ष योगायोगाचे नव्हते. ‘फिन-सिन’चे नियम १९९३ मध्ये सैल झाले आणि १९९५ मध्ये संपले. नेटवर्कना स्वतःच्या मालिका स्वतःच बनवून विकण्याची मुभा मिळाली. मधल्या स्वतंत्र कंपन्यांना जागा उरली नाही.

मिम्सीचे वारसदार कोण?

कंपनी गेली तरी तिथे शिकलेले लेखक आपापल्या कंपन्या काढत होते आणि शेवटच्या दोन सेकंदांत काहीतरी स्वतःचे ठेवण्याची खोड त्यांनी सोबत नेली होती. ‘लू ग्रँट’वर काम केलेले गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग यांनी ‘फॅमिली टाइज’च्या (१९८२) शेवटी आपला काळा लॅब्राडोर उबू दाखवला. पॅरिसच्या तुइलरी बागेत काढलेला, तोंडात फ्रिस्बी धरलेला त्याचा फोटो आणि त्यावर ‘बस उबू, बस. शहाणा कुत्रा’ अशा अर्थाचे शब्द, मग भुंकणे. उबू १९८४ मध्ये मेला. त्याचा फोटो त्यानंतरही कित्येक वर्षे पडद्यावर येत राहिला. बोच्को यांच्या कंपनीच्या चिन्हात व्हायोलिन वाजवणारे गृहस्थ दिसतात, ते त्यांचे वडील रुडॉल्फ. ‘द मेरी टायलर मूर शो’चे एक जनक जेम्स एल. ब्रुक्स यांच्या ‘ग्रेसी फिल्म्स’चे चिन्ह तर ‘द सिम्प्सन्स’मुळे जगभर पोहोचले : अंधाऱ्या चित्रपटगृहात कुजबुजणारे प्रेक्षक आणि त्यांना ‘श्श!’ करून गप्प करणारी बाई. दरवर्षीच्या हॅलोविन भागात त्या ‘श्श’ऐवजी किंकाळी ऐकू येते.

आता ही चिन्हे दिसतात का?

दिसतात, पण शोधावी लागतात. १९९४ पासून एनबीसीने श्रेयनामावली पडद्याच्या एका बाजूला दाबून उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू केली. इतरांनीही तेच केले. स्ट्रीमिंगमध्ये तर शेवटची नावे येताच चित्र कोपऱ्यात लहान होते आणि पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ सलग पाहणाऱ्याला मांजराची टोपी बघायची तर रिमोट उचलून मुद्दाम थांबावे लागते.

२०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मनोरंजन व्यवसाय घेतला आणि ‘एमटीएम’चा ठेवाही डिस्नेकडे आला. टिंकर नोव्हेंबर २०१६ मध्ये, तर मूर जानेवारी २०१७ मध्ये निवर्तल्या. मिम्सीने ज्याची नक्कल केली, त्या ‘एमजीएम’ची मालकी २०२२ पासून ॲमेझॉनकडे आहे. पडद्यावरचा खरा सिंहही त्याच्या वर्षभर आधी गेला. २०२१ पासून तिथे संगणकावर घडवलेला सिंह डरकाळी फोडतो.