प्रयोगशाळेची वर्दी

कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या सीपीआरमध्ये, एखाद्याच्या रक्ततपासणीतून डेंग्यूचे निदान पक्के झाले, की तो अहवाल त्या रोग्याचा खाजगी मामला आहे असे आपण समजतो. परंतु ज्या डासांमुळे त्याला ताप आला ते अद्याप त्याच्या गल्लीत वावरत असल्यामुळे त्या अहवालाशी शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही क्षेमकुशल निगडित असते, आणि म्हणूनच त्याची वर्दी सरकारी आरोग्य खात्याकडे तत्काळ जावी लागते.

२००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात या वर्दीचे तीन नमुने ठरविण्यात आले: आरोग्यसेवकाने लक्षणांवरून भरावयाचा ‘एस’, वैद्यकीय अधिकाऱ्याने आपल्या अनुमानावरून भरावयाचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेने खात्री पटल्यावर भरावयाचा ‘एल’. पूर्वी हे तक्ते आठवड्यातून एकदा जात. एप्रिल २०२१ पासून देशभर लागू झालेल्या ‘आयएचआयपी’ या संगणकीय व्यवस्थेत मात्र नोंद रोजच्या रोज आणि रोग्यागणिक करावयाची असते. क्षयरोगाची नोंद ‘निक्षय’ या स्वतंत्र प्रणालीत होते, आणि ती करणे २०१२ पासून खाजगी दवाखान्यांवरही बंधनकारक आहे.

दिवसांचा हिशेब किती मोलाचा असतो, हे या जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ पसरली होती. आणि ‘हेपॅटायटिस ई’सारख्या जलजन्य काविळीत दूषित पाणी पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे लोटत असल्यामुळे, पहिला अहवाल हाती येतो तेव्हाच साथीने बरीच मजल मारलेली असते. त्यात वर्दीलाही विलंब झाला, तर फुटलेली जलवाहिनी सापडेपर्यंत आणखी कित्येक घरे तेच पाणी पीत राहतात.

माझ्या मते या तिन्हींत ‘एल’ नमुन्याचे वजन सर्वांत अधिक. परंतु तोही पत्त्याच्या रकान्यापाशी लंगडा पडू शकतो. शिरोळ तालुक्यातील तापाचा रोगी उपचारासाठी कोल्हापुरात बहिणीकडे उतरतो, चिठ्ठीवर तिचाच पत्ता लिहितो, आणि मग आरोग्य कर्मचारी राजारामपुरीतील पाण्याची पिंपे तपासत बसतात, तर शिरोळच्या त्या वाडीत डासांची पैदास निर्वेधपणे चालू राहते. ही चूक दुरुस्त करणारे यंत्र अस्तित्वात नाही. तो रकाना रोग्याच्या किंवा त्याच्या नातलगाच्या सांगण्यावरूनच भरला जातो.

तेव्हा वाचकहो, तपासणीची चिठ्ठी लिहून देताना आपले राहते गाव, वाडी, गल्ली आणि चालू मोबाइल क्रमांक बिनचूक सांगा, आणि कोणी घाईत रकाना रिकामा सोडलाच, तर तो आग्रहाने भरून घ्या.