फ्रेमबाहेरचा आरटू

पडद्यावर आपल्याला एकच आरटू-डीटू नावाचा छोटा यंत्रमानव दिसतो. १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये मात्र तो किमान दोन प्रकारचा होता. दोन पायांवर डुलणाऱ्या आरटूच्या पोटात केनी बेकर हा जेमतेम ११२ सेंटिमीटर उंचीचा नट बसायचा. तीन पायांवर सरकत येणारा आरटू वेगळा. त्यात माणूस नसायचा, मोटरी असायच्या आणि तो रिमोटवर चालायचा. दोन पायांवरून तीन पायांवर येण्याची करामत बहुतेक वेळा संकलकाच्या टेबलावरच व्हायची. एका शॉटमध्ये दोन पाय, कट, पुढच्या शॉटमध्ये तीन. मधलं सगळं प्रेक्षक आपल्या मनानं भरून काढायचा.

आज इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात काही मंडळी घरच्या गॅरेजमध्ये पूर्ण मापाचा आरटू बांधतात. त्यातले काही आरटू हीच करामत तुमच्या नाकासमोर, कट न घेता, म्हणाल तितक्या वेळा करून दाखवतात. सिनेमातला यंत्रमानव फ्रेमच्या कडेपर्यंत खरा असला की भागतं. घरी बांधलेला पाठीमागूनही खरा असावा लागतो, कारण लहान मुलं आधी पाठीमागेच जाऊन बघतात. या छंदातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला हीच वाटते: इथे नक्कल करणाऱ्याचं काम मूळ वस्तू बनवणाऱ्यापेक्षा अवघड आहे.

मूळ वस्तूची अवस्था काय होती, ते बघा. मार्च १९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू झालं आणि रिमोटवरच्या आरटूंनी छळ मांडला. भलतेच रेडिओ संदेश पकडून ते भलतीकडे निघायचे, कशावर तरी आदळायचे, नाहीतर जागचे हलायचेच नाहीत. काही शॉटमध्ये तर त्यांना चक्क तारेनं ओढावं लागलं. त्याआधी लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांनी एका सुताराला हाताशी धरून पहिला नमुना लाकडाचा ठोकला होता, डोक्याच्या जागी जुन्या दिव्याचा वरचा भाग बसवून. पैसा बेताचा होता. म्हणून ख्रिश्चन यांनी भंगारात निघालेल्या विमानांचे सुटे भाग आणून सेटवर आणि यंत्रमानवांवर बसवले. आरटूच्या घुमटावर जे गोल, बाहेर आलेले डोळे दिसतात, ज्यांतल्या एकातून राजकन्या लेयाची निळसर प्रतिमा बाहेर पडते, ते व्हिकर्स व्हायकाउंट जातीच्या प्रवासी विमानातले वाचायचे दिवे आहेत! सीटवर बसून पेपर वाचता यावा म्हणून डोक्यावर लावलेले. या भंगाराच्या हिशेबातून उभ्या राहिलेल्या सेटना पुढे ऑस्कर मिळालं, ख्रिश्चन त्यातले एक मानकरी.

आणि असल्या घाईगर्दीत ठरलेल्या मापांची मिलिमीटरच्या अंशापर्यंत नक्कल करायला जगभरची माणसं बसली आहेत. १९९९ मध्ये ‘आरटू-डीटू बिल्डर्स क्लब’ सुरू झाला. कुणी मूळ यंत्रमानवांची मापं मिळवली, कुणी फोटोंवरून आराखडे काढले, आणि सगळं सगळ्यांना खुलं ठेवलं. एखाद्याकडे लेथ असली तर तो वीस जणांच्या आरटूंचे खांदे एकदम काढून देतो, खर्चाच्या भावात. हक्क लुकासफिल्मकडे आहेत, पण हौसेनं बांधणाऱ्यांच्या वाटेला कंपनी जात नाही. धंदा मात्र करायचा नाही.

पहिली अडचण अशी की मूळ आरटूसुद्धा एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. तेव्हा कुठल्या चित्रपटातला आरटू, हे आधी ठरवावं लागतं. रंगाचं तर विचारूच नका. पहिल्या चित्रपटात आरटू लढाऊ विमानात बसून अवकाशात जातो, तेव्हा त्याचे निळे भाग काळे दिसतात. अवकाशातली दृश्यं निळ्या पडद्यापुढे घेऊन मागचं निळं काढून टाकायची पद्धत होती. आरटूवरचं निळं त्या तंत्रात पकडलं जाऊ नये, म्हणून ते काळं. नेमका कुठला निळा खरा, यावर ही मंडळी रात्ररात्र वाद घालू शकतात.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे येऊ. आरटूची उंची सुमारे १०९ सेंटिमीटर, धडाचा व्यास साधारण ४६. आत प्लायवूडचा किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा, आणि त्यावर एकावर एक असे दोन पत्रे. ते दोन का, तर आरटूच्या अंगावर ज्या खोलगट रेघा आणि छोटे दरवाजे दिसतात, ते कोरलेले नसतात. बाहेरच्या पत्र्याला कापून खिडक्या पाडतात, आतला पत्रा अखंड ठेवतात, मग बाहेरच्याच्या जाडीएवढी खोली आपोआप मिळते. पत्रा ॲल्युमिनियमचा किंवा स्टायरीन प्लास्टिकचा. स्टायरीन घरच्या कटरनं कापता येतं, म्हणून गरिबाघरचा आरटू बहुधा त्याचाच.

डोक्यावरचा घुमट म्हणजे या कामाचा मुकुटमणी. ॲल्युमिनियमची गोल चकती लेथवर एका साच्यासमोर पकडायची, गरगर फिरवायची आणि लांब दांड्याच्या हत्यारानं दाबत दाबत साच्यावर लोळवायची. धातू कापला जात नाही, कण्हत कण्हत वळतो. दाब जरा चुकला की कडेला सुरकुत्या पडतात नाहीतर पत्रा फाटतो. आपल्या स्वयंपाकघरातली बरीच पातेली याच पद्धतीनं बनतात, त्यामुळे हा कारागीर आपल्याला अगदीच परका नाही.

घुमट फिरतो, आणि त्यातून पुढचा पेच निर्माण होतो. बॅटरी खाली धडात, दिवे वर डोक्यात. साधी वायर टाकली तर चार-पाच फेऱ्यांत तिला पीळ बसून ती तुटणार. उपाय म्हणजे स्लिप रिंग. फिरणाऱ्या धातूच्या कड्यांवर स्थिर पत्त्या टेकलेल्या असतात, कडी कितीही फिरली तरी पत्ती तिला घासत राहते आणि वीज वर जात राहते. डोक्यावरचे लुकलुकणारे चौकोनी दिवे मूळ चित्रपटात फायबर ऑप्टिकच्या तंतूंनी साधले होते. आज तिथे एलईडी आणि बोटभर मायक्रोकंट्रोलर असतो. आवाज मेमरी कार्डातून येतो. तो मूळचा बेन बर्ट यांनी सिंथेसायझर आणि स्वतःच्या तोंडातून काढलेले बाळासारखे चित्कार मिसळून घडवला होता, म्हणूनच त्या शिट्यांत आपल्याला रुसवा-फुगवा कळतो.

आणि ते पाय! तीन पायांवर उभा असताना आरटूचं धड सुमारे १८ अंश मागे कललेलं असतं. मधला पाय आत ओढायचा तर धड एकाच वेळी सरळही व्हायला हवं. पाय आधी उचलला गेला तर अंग पुढे कोसळतं, धड आधी सरळ झालं तर मधला पाय जमिनीत घुसायला बघतो. म्हणून दोन मोटरी, दोन लांब आट्यांचे स्क्रू, आणि प्रत्येक हालचालीच्या शेवटी एक लिमिट स्विच बसवतात. हा स्विच दाबला गेल्याशिवाय पुढची पायरी सुरूच होत नाही. घोट्याचा सांधाही नेमक्या क्षणी आवळला जावा लागतो. सगळ्यांत जड वस्तू म्हणजे बॅटऱ्या. त्या पायांच्या तळाशी ठेवतात, म्हणजे वजन खाली राहतं. चार-पाच सेकंदांचा हा खेळ जुळवायला लोकांना कित्येक महिने लागतात, आणि मला त्यात काही नवल वाटत नाही.

चाकांना मोटरी व्हीलचेअरच्या किंवा इलेक्ट्रिक स्कूटरच्या. रिमोट मात्र १९७६ चा राहिलेला नाही. आजचा रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, आपल्याच रिसीव्हरशी जोडी जमवतो, सतत फ्रिक्वेन्सी बदलतो, आणि संपर्क तुटला तर मोटरी बंद करतो. ट्युनिशियात हे असतं तर त्या युनिटची बरीच डोकेदुखी वाचली असती.

थ्री-डी प्रिंटर आल्यापासून लेथ नसलेल्यांनाही दार उघडलं. पण छापलेल्या भागावर थरांच्या रेघा राहतात, मग पुट्टी, प्रायमर, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर. शिवाय पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. विदर्भात मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत असा घुमट ठेवलात तर काय होईल ते सांगायला नको.

या गॅरेजवाल्यांची कीर्ती शेवटी चित्रपटवाल्यांपर्यंत गेली. २०१३ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात चाहत्यांच्या मेळाव्यात निर्मात्या कॅथलीन केनेडी या क्लबच्या दालनात आल्या, आणि पुढे ली टावर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोघा ब्रिटिश सदस्यांना ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द फोर्स अवेकन्स’साठी आरटू बांधायला घेतलं गेलं. त्याच चित्रपटात एक गुलाबी यंत्रमानवही दिसतो, आरटू-केटी. मेंदूच्या कर्करोगानं आजारी असलेल्या एका लहान अमेरिकन मुलीसाठी क्लबच्या लोकांनी तो बांधायला घेतला होता. वेळ कमी होता, म्हणून एका सदस्यानं आधी स्वतःचाच आरटू गुलाबी रंगवून तिच्या भेटीला नेला. तिच्यासाठीचा खास यंत्रमानव, ती २००५ मध्ये गेल्यानंतर, पुरा झाला.

चित्रपटांत वापरलेल्या खऱ्या सुट्या भागांतून जुळवलेला एक आरटू २०१७ मध्ये लिलावात २७ लाख ६० हजार डॉलरला गेला. तुम्हाला एवढे लागणार नाहीत. मायक्रोकंट्रोलर, मोटर ड्रायव्हर आणि एलईडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतात, वायपरची मोटर जुन्या गाड्यांच्या भंगारात. फक्त घुमटाच्या मोहात पडून तिथून सुरुवात करू नका. आधी दोन पाय आणि चाकं बांधा, त्यावर आरटूच्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवून अंगणात फिरवून बघा, आणि ते डुगडुगलं नाही तरच धडाच्या पत्र्याला हात घाला.