'केअर' म्हणजे नक्की काय?

वेस्टमीड स्टेशनवर उतरून पायी निघाले की एक इंग्रजी शब्द जागोजागी भेटत राहतो. पाळणाघराच्या फाटकावर 'चाइल्ड केअर', औषधांच्या दुकानात 'स्किन केअर', वृद्धांच्या निवासावर 'एज्ड केअर', आणि आपल्या पाकिटात हिरवे 'मेडिकेअर' कार्ड. येथील मोठे इस्पितळ १९७८ साली सुरू झाले, मुलांचे इस्पितळ १९९५ मध्ये कॅम्परडाउनहून त्याच्या शेजारी आले, आणि डिसेंबर २०२४ पासून तर पॅरामॅटाची ट्रामही वेस्टमीडपर्यंत येते. आपली पुष्कळ मंडळी या परिसरात राहतात. कोणी इस्पितळात नोकरी करते, कोणी आई-वडिलांना तपासणीला घेऊन येते. हा शब्द आपण सारे दिवसातून दहादा वापरतो. पण त्याचे मराठी करायची वेळ आली तेव्हा माझी जी फजिती झाली, ती सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या ओळखीचे एक वयस्कर काका सिडनीतल्या एका इस्पितळात होते. हृदय थकलेले, फुप्फुसांत पाणी. मुलगा कामासाठी पर्थला गेलेला, त्याचे विमान रात्री यायचे होते. म्हणून काकूंच्या सोबतीला मी. सकाळी डॉक्टरीणबाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या की केअर थांबणार नाही, केअरचे उद्दिष्ट बदलते आहे. इन्टेन्सिव्ह केअरमध्ये हलवून उपयोग होणार नाही, यापुढे कम्फर्ट केअर देऊ. दोन-तीन वाक्यांत चारदा 'केअर'! काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी घाईघाईत म्हणालो, "काकू, आयसीयूत नेणार नाहीत. आता फक्त काळजी."

'घेणार' हे क्रियापद मी गिळले होते. काकू क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "काळजी तर मी गेले आठ महिने करतेच आहे. त्याला डॉक्टर कशाला हवेत? म्हणजे यांना सोडून दिलं असं समजायचं का?"

मला उत्तर सुचेना. चूक पूर्णपणे माझी होती.

पुण्यात शिकत असताना मी मॅक्समुल्लर भवनात दोन वर्षे जर्मन शिकलो होतो. तिथे आमच्या बाईंनी एकदा फळ्यावर 'केअर' हा एकच शब्द लिहून त्याचे जर्मन करायला सांगितले होते. वर्गातून सात-आठ उत्तरे आली आणि सगळीच बरोबर निघाली. आजाऱ्याची केअर असेल तर 'प्फ्लेगे', मुलांची असेल तर 'बेट्रॉयुंग', समाजातल्या गरजूंची असेल तर 'फ्यूरझोर्गे'. घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहणार, तो हक्क 'झोर्गेरेश्ट'. खोक्यावर 'हँडल विथ केअर' लिहायचे तर जर्मन माणूस 'फोरझिश्ट', म्हणजे 'सावधान', एवढेच लिहितो. 'आय डोन्ट केअर' म्हणायचे तर शब्दच बदलतो: 'इगाल', मला सारखेच. आणि इन्टेन्सिव्ह केअर युनिटचे जर्मन 'इन्टेन्झिव्हस्टात्सिओन'. त्यात केअर औषधालाही नाही! इंग्रजीने ज्या एका पिशवीत सगळा बाजार भरला, तो जर्मनने वेगवेगळ्या डब्यांत लावून ठेवला आहे.

यातला 'झोर्गे' हा शब्द आपल्याला फार जवळचा आहे. त्याचा अर्थ चिंता असाही होतो आणि निगराणी असाही. इंग्रजीतला दुःखवाचक 'सॉरो' हा त्याचाच भाऊ. खुद्द 'केअर'चे कूळही तेच सांगते. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ दुःख, चिंता असा होता. सांभाळ हा अर्थ पुढे पक्का झाला. गुड फ्रायडेला जर्मनमध्ये 'कारफ्रायटाग' म्हणतात, त्यातला 'कार' म्हणजे शोक, आणि तो या 'केअर'चाच नातलग. पुष्कळांना वाटते की 'केअर' आणि 'क्युअर' ही सख्खी भावंडे असावीत. तसे नाही. 'क्युअर' लॅटिनमधून आला, 'केअर' जर्मानिक घराण्यातला. इस्पितळात मात्र दोघांची जोडी अशी जमली आहे की एक संपला म्हणजे दुसराही संपला, असे ऐकणाऱ्याला वाटते. काकूंना नेमके तेच वाटले होते.

आता आपल्या मराठीकडे या. 'झोर्गे'सारखाच आपला 'काळजी' हा शब्द दुतोंडी आहे, पण मराठीने क्रियापदावर सारी भिस्त ठेवली आहे. काळजी 'घेतली' तर सांभाळ, काळजी 'केली' किंवा 'वाटली' तर चिंता. म्हणून तर आपण फोन ठेवताना एका दमात म्हणतो, "काळजी घे, काळजी करू नकोस," आणि त्यात कोणालाही विसंगती दिसत नाही. क्रियापद गाळले की उरते ती चिंता. माझ्या वाक्याचे तेच झाले.

बाकी डबे आपल्याकडेही कमी नाहीत. आजाऱ्याची शुश्रूषा, तान्ह्या बाळाची निगा, झाडांची जोपासना, म्हाताऱ्यांचा सांभाळ, घराची देखभाल, काचेचे सामान जपून, आणि रागावलो की "मला पर्वा नाही". आयसीयूला आपली वर्तमानपत्रे 'अतिदक्षता विभाग' म्हणतात. जर्मनप्रमाणे तिथेही काळजी नाही, दक्षता आहे. पत्रावरच्या 'केअर ऑफ'ला आपण 'द्वारा' लिहीत आलो. कायद्यातली 'ड्यूटी ऑफ केअर' तर वेगळीच. १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार आली, आणि त्या निकालाने मालाच्या उत्पादकावर अनोळखी ग्राहकाविषयीही ही जबाबदारी टाकली. तिथे 'काळजी' म्हटले तर उत्पादक रात्रभर तळमळत पडला असे वाटेल! तिथे 'दक्षता' किंवा 'खबरदारी'च हवी.

काही ठिकाणी शब्द सापडतो, पण तो मनाला टोचतो. 'एज्ड केअर होम' म्हणजे 'वृद्धाश्रम' म्हटले की आपल्याकडे वाटते, मुलांनी आई-वडिलांना टाकले. काही ठिकाणी शब्दच सापडत नाही. येथील सरकार घरच्या आजारी किंवा अपंग माणसाचे विनावेतन करणाऱ्याला 'केअरर' म्हणते; २०१० साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. फॉर्मवर तो रकाना आला की आपल्या बायका अडखळतात. "मी कसली केअरर? मी सून आहे." आपण ते काम नात्यातच गुंडाळून टाकले, म्हणून त्याला नाव देण्याची गरज पडली नाही. नाव नाही म्हणून पुष्कळ जणी भत्त्यासाठी अर्जही करत नाहीत, हे मात्र वाईट.

पुन्हा त्या खोलीत येऊ. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हते, पण काकूंचा चेहरा वाचता आला. त्यांनी मला थांबवले आणि फोनवरून मराठी दुभाषी बोलावली. त्या बाईंनी भाषांतर करण्याआधी डॉक्टरांनाच विचारले, "कम्फर्ट केअरमध्ये तुम्ही नेमके काय करणार आणि काय करणार नाही, ते सांगाल का?" उत्तर ऐकून त्या काकूंना म्हणाल्या, "आजार बरा होण्याची आशा आता राहिलेली नाही. म्हणून यंत्रं लावून त्रास द्यायचा नाही, असं डॉक्टर म्हणताहेत. पण धाप लागू नये, दुखू नये, घाबरं होऊ नये यासाठी जे लागेल ते सगळं देणार. परिचारिका रात्रंदिवस असतील. त्यांना कोणी सोडून देणार नाही."

त्यात 'काळजी' हा शब्द एकदाही नव्हता. काकू रडल्या, पण त्यांना कळले. डोळे पुसून त्यांनी विचारले, "त्यांना तहान लागली तर मी पाणी पाजू शकते ना?" डॉक्टर म्हणाल्या, "हो, ते जागे असताना, चमच्याने, थोडं थोडं." माझ्या 'फक्त काळजी'नंतर हा प्रश्न त्यांनी विचारलाच नसता.

त्या दिवशी मी एक धडा घेतला. अनेकार्थी शब्दासमोर कोश उघडून जोडीचा शब्द शोधत बसू नये. कोणी, कोणासाठी, काय करायचे आहे, ते विचारावे आणि तेच सांगावे. एका शब्दाच्या जागी पाच वाक्ये लागली तर लागू द्यावीत. दुसरे असे, की आपले इंग्रजी कितीही चांगले असले तरी घरच्या माणसाने अशा वेळी दुभाषी होऊ नये. आपलाच गळा दाटलेला असतो, आणि नेमके क्रियापदच गिळले जाते. सरकारी इस्पितळात दुभाषी मोफत मिळतो, फक्त मागावा लागतो. सरकारच्या दूरध्वनी दुभाषी सेवेचा क्रमांक १३१ ४५० आहे. तो आई-वडिलांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

काका नवव्या दिवशी गेले, मुलगा जवळ असताना. पुढे भेटायला येणाऱ्यांना काकू सांगत, "त्यांची शुश्रूषा चांगली झाली हो." शुश्रूषा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. काकूंना व्युत्पत्ती ठाऊक नसावी. पण पाणी पाजण्याचा त्यांचा प्रश्न त्या खोलीत सर्वांनी नीट ऐकून घेतला होता, एवढे मी पाहिले आहे.

आपल्यापैकी कोणाला असाच एखादा शब्द आडवा आला असेल तर जरूर लिहून कळवा.