डाकीण
दुष्ट शक्तीने माणसांना व गुरांना पीडा देते, अशी समजूत असलेली स्त्री. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या दुर्गम भागात, विशेषतः अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत, ही समजूत आढळते. छिन्नमानस, उन्माद वा अपस्मार यांची लक्षणे बाधा मानून रुग्णाला भगताकडे नेतात. भगताला वनौषधींचे ज्ञान असते, हे खरे; परंतु बाधेस कारण म्हणून तो एखाद्या स्त्रीचे नाव घेतो, तेव्हा एका आजाराचे दोन बळी होतात. रुग्ण उपचारावाचून राहतो आणि त्या निरपराध स्त्रीवर, पुष्कळदा निराधार विधवेवर, मारहाणीचा वा बहिष्काराचा प्रसंग येतो. भूत उतरविण्यासाठी साखळदंडाने बांधणे, मारणे, तसेच एखादी व्यक्ती करणी करते असे भासविणे, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये अपराध असून त्यांस ६ महिने ते ७ वर्षे कारावासाची शिक्षा आहे.